विज्ञान कादंबरी, मराठी

विज्ञानाने प्रस्थापित केलेल्या अथवा विज्ञानाच्या चौकटीत संभाव्य ठरणाऱ्या एखाद्या कल्पनेवर जिची उभारणी झालेली असते आणि ती कल्पना काढून घेतल्यास जिचे कथानक उभेच राहू शकत नाही, अशा कादंबरीस विज्ञान कादंबरी म्हणता येईल. केवळ यंत्रे, प्रयोगशाळा वा अंतराळयाने ह्यांची वर्णने आल्याने एखादी कादंबरी ह्या प्रकारात मोडत नाही. नायकाचा घोडा बदलून त्याला अग्निबाण दिला, एवढ्याने साहसकथेची विज्ञानकथा होत नाही. मराठीत ह्या दोहोंची गल्लत दीर्घकाळ होत आली. रहस्यकथा, भयकथा, अद्भुतकथा आणि विज्ञानकथा ही एकाच कपाटातील पुस्तके मानली गेली व समीक्षेने त्या कपाटाकडे सहसा लक्ष दिले नाही. मराठी विज्ञानकथेची दखल पुढे बऱ्यापैकी घेतली गेली. विज्ञान कादंबरीचे स्वतंत्र मूल्यमापन मात्र क्वचितच झाले आहे. प्रस्तुत नोंदीत पाश्चात्त्य परंपरेतील प्रमुख कृतींच्या संदर्भात मराठी कादंबरीचा विचार केला असून, मुंबईलगतच्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या औद्योगिक पट्ट्याचा दृष्टांत विशेषत्वाने घेतला आहे. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

ह्या वाङ्‌मयप्रकाराचा आरंभ बहुतेक अभ्यासक मेरी शेली हिच्या 'फ्रँकनस्टाइन' (१८१८) ह्या कादंबरीपासून मानतात. मृत अवयवांतून जीव निर्माण करणाऱ्या तरुण संशोधकाची ही कथा भयकथा म्हणून वाचली जाते. तथापि तिचे खरे सामर्थ्य निर्मात्याने आपल्या निर्मितीची जबाबदारी नाकारण्याच्या प्रसंगात आहे. संशोधकाचा गुन्हा जीव निर्माण करणे हा नसून, तो निर्माण झाल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवणे हा आहे. दोनशे वर्षांनंतरही ह्या प्रश्नाची धार कमी झालेली नाही. ज्यूल व्हेर्न (१८२८–१९०५) हा फ्रेंच कादंबरीकार त्या मानाने निश्चिंत वृत्तीचा. यंत्र, प्रवास आणि भूगोल ह्यांवरील त्याचे प्रेम अपार होते. त्याच्या पात्रांना अंतःकरण असण्यापेक्षा वेळापत्रक असते, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. अपवाद कॅप्टन निमोचा. 'द मिस्टीरियस आयलंड' (१८७४-७५) मध्ये हा समुद्रतळाशी राहणारा एकांतवासी बुंदेलखंडाचा राजपुत्र डाक्कार असून १८५७ च्या उठावात त्याने भाग घेतला होता, असे उघड होते. व्हेर्नची बहुतेक यंत्रे कुतूहलापोटी जन्मलेली आहेत. निमोची पाणबुडी मात्र पराभवातून जन्मलेली आहे, आणि म्हणूनच ती वाचकाच्या स्मरणात राहते.

व्हेर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' (१८७२-७३) मध्ये, जी काटेकोर अर्थाने विज्ञान कादंबरी नव्हे, फिलिअस फॉग मुंबईहून आगगाडीने निघतो तेव्हा कल्याण स्थानकाचा उल्लेख येतो. तेथून खंडाळा व पुण्याकडे जाणारा फाटा उजवीकडे सोडून गाडी पुढे जाते. हा फाटा म्हणजे आजच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या स्थानकांवरून जाणारा लोहमार्ग होय. तो १८५६ मध्ये बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत आणि १८६३ मध्ये घाट चढून पलीकडे गेला. व्हेर्न भारतात कधी आला नाही. कल्याणनंतर तो पनवेलसारखे दिसणारे एक स्थानक गाडीच्या वाटेत घालतो, ते तेथे नव्हतेच. जागतिक कल्पनासाहित्याने ह्या परिसराकडे एकदा खिडकीतून पाहिले आणि गाडी दुसऱ्या दिशेने गेली. हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे, कारण मराठी विज्ञान कादंबरीनेही पुढे बहुतांशी तेच केले.

एच्. जी. वेल्स (१८६६–१९४६) ह्याच्यापाशी येताच हा प्रकार प्रौढ होतो. टी. एच्. हक्सली ह्या जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेल्या वेल्सने उत्क्रांतिवाद पचवला होता; मनुष्य हा सृष्टीचा अंतिम हेतू नाही, ही जाणीव त्याच्या आरंभीच्या कादंबऱ्यांत सर्वत्र आहे. 'द टाइम मशीन' (१८९५) मध्ये श्रीमंत व श्रमिक हे दोन वर्ग लक्षावधी वर्षांत दोन भिन्न प्राणिजाती होऊन बसतात. 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' (१८९६) मध्ये वेदना देऊन पशूंना माणूस बनवण्याचा प्रयोग आहे. 'द इन्व्हिजिबल मॅन' (१८९७) मधील अदृश्य होणाऱ्या माणसास थंडी वाजते, भूक लागते आणि खाल्लेले अन्न पचेपर्यंत दिसत राहते. चमत्काराला लागलेली ही दैनंदिन व्यवहाराची कात्री हेच वेल्सचे वैशिष्ट्य. मराठीतील अदृश्य माणसे अन्नाच्या बाबतीत इतकी काटेकोर नसतात.

ह्या दृष्टीने 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' (१८९८) ही कादंबरी विशेष अभ्यसनीय ठरते. वेल्स त्या सुमारास लंडनच्या नैर्ऋत्येस वोकिंग ह्या गावी राहत होता. लोहमार्गामुळे वाढलेले, सकाळी लंडनला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांचे हे उपनगर. वेल्सने मंगळवासीयांचे पहिले यान लंडनच्या राजवाड्यासमोर न उतरवता वोकिंगजवळच्या हॉर्सेल ह्या माळावर उतरवले. सायकलवरून हिंडून पाहिलेली गल्ली, दुकान, चर्च आणि स्थानक त्याने एकेक करून उद्‌ध्वस्त केले. आरंभीच्या प्रकरणात टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराचा उल्लेख करून त्याने आक्रमणाचा आरसा आपल्याच साम्राज्यापुढे धरला. परग्रहावरील आक्रमण ही कल्पना आज झिजून गेली आहे. तरीही ही कादंबरी ताजी वाटते ती त्या माळाच्या, त्या रस्त्यांच्या व पळणाऱ्या त्या शेजाऱ्यांच्या खरेपणामुळे. लंडनशी वोकिंगचे जे नाते, तेच मुंबईशी बदलापूरचे आहे.

विसाव्या शतकातील विस्ताराचा केवळ धावता निर्देश येथे पुरे. कारेल चापेक ह्या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' (१९२०) ह्या नाटकाने 'रोबो' हा शब्द जगाला दिला. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅकच्या 'अमेझिंग स्टोरीज' (१९२६) ह्या मासिकापासून विज्ञानकथेचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला; त्यातून लाभ जेवढा झाला तेवढीच वाङ्‌मयीन हानीही झाली. अल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) आणि जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' (१९४९) ह्या बाजाराबाहेर राहिल्या व त्यामुळेच त्यांस आरंभापासून प्रतिष्ठा मिळाली. आयझॅक ॲसिमॉव्हची 'फाउंडेशन' (१९५१) व तिचे पुढील दोन भाग मराठी वाचकांत विलक्षण लोकप्रिय आहेत. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील गिबनच्या इतिहासाचे आकाशगंगेवर केलेले हे आरोपण बुद्धीला चालना देते. मात्र तीतील माणसे चर्चेसाठी जमलेल्या समितीच्या सदस्यांसारखी आहेत. आर्थर सी. क्लार्कच्या कादंबऱ्यांत 'रांदेव्हू विथ रामा' (१९७३) अधिक वाचली जाते, पण 'चाइल्डहुड्स एंड' (१९५३) अधिक मोठी आहे. मानवजातीच्या उत्कर्षाचे वर्णन शोकांतिकेच्या सुरात करण्याचे धाडस तिने दाखवले. पोलिश लेखक स्तानिस्लाव्ह लेम ह्याची 'सोलारिस' (१९६१) ह्या सर्वांहून वेगळी. एका ग्रहावरील सजीव महासागराचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालतो, ग्रंथांचे ढीग रचले जातात आणि अखेर काहीही कळत नाही. परक्याचे परकेपण अबाधित ठेवणारी अशी दुसरी कादंबरी सापडणे कठीण आहे.

अर्सुला ल ग्वीन हिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे ख्यातनाम मानवशास्त्रज्ञ होते. तिच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) मध्ये कायमचा स्त्री-पुरुष भेद नसलेल्या एका हिमाच्छादित ग्रहाचे चित्रण येते, ते बरेचसे मानवशास्त्रीय वृत्तांताच्या अंगाने: लोककथा, कालगणना, आहार, शिष्टाचार ह्यांच्या नोंदींतून. विज्ञान कादंबरीतील विज्ञान हे पदार्थविज्ञानच असले पाहिजे हा समज ह्या एका कृतीने निकालात काढला. अलीकडच्या काळात चिनी लेखक लिऊ त्सिशिन ह्याच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' (पुस्तकरूपाने २००८, ह्यूगो पुरस्कार २०१५) ह्या कादंबरीने जगाचे लक्ष वेधले. तीत परग्रहाला संदेश पाठवणारी स्त्री-शास्त्रज्ञ ही सांस्कृतिक क्रांतीच्या काळात आपल्या वडिलांची हत्या डोळ्यांदेखत पाहिलेली मुलगी आहे. तिने आकाशाला दिलेले उत्तर हे मूलतः आपल्या समाजाला दिलेले उत्तर होय. कादंबरीचा उत्तरार्ध कल्पनांच्या गर्दीने विस्कळित होतो, तरी तिचा हा पाया भक्कम आहे.

मराठीतील आरंभ भाषांतराने झाला. कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांच्या 'केरळकोकिळ' ह्या कोचीनहून निघणाऱ्या मासिकात १९०० पासून व्हेर्नच्या चांद्रप्रवासाचे 'चंद्रलोकाची सफर' हे रूपांतर क्रमशः येऊ लागले. 'मनोरंजन' मासिकातील श्री. बा. रानडे ह्यांची 'तारेचे हास्य' (१९१५) ही आरंभीची स्वतंत्र मराठी विज्ञानकथा मानली जाते. बंगालीत जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९६ मध्येच अशी कथा लिहिली होती, आणि रुकय्या सखावत हुसेन ह्यांचे 'सुलतानाज ड्रीम' १९०५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले होते, हे लक्षात घेता मराठीतील आरंभ फार उशिराचा नाही. त्यानंतरची विश्रांती मात्र लांबली. अनंत अंतरकर ह्यांच्या 'नवल' मासिकाने अद्भुताची गोडी लावली. भा. रा. भागवत (१९१०–२००१) ह्यांनी 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' इ. रूपांतरांतून व्हेर्न मराठी मुलांच्या घरात आणला. त्यांची खेळकर, घरगुती मराठी ही स्वतंत्र निर्मितीच आहे. मात्र तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. विज्ञान कादंबरी म्हणजे मुलांचे वाचन हे समीकरण रूढ होऊन प्रौढ वाचक त्या शेल्फाकडे फिरकेनासा झाला.

द. पां. खांबेटे, द. चिं. सोमण, गजानन क्षीरसागर ह्यांनी मधल्या काळात हा प्रवाह वाहता ठेवला. नारायण धारप (१९२५–२००८) हे भयकथाकार म्हणून प्रसिद्ध असले तरी 'नेनचिम'सारख्या त्यांच्या विज्ञान कादंबऱ्या आजही आवडीने वाचल्या जातात. धारपांपाशी एक गोष्ट अशी होती, जी पुढच्या शास्त्रज्ञ लेखकांपाशी अभावानेच आढळते; ती म्हणजे वातावरण. त्यांचे विज्ञान कित्येकदा सैल असते, पण खोलीतील काळोख खरा असतो.

मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ मध्ये आलेल्या 'कृष्णविवर' ह्या कथेचा लेखक नारायण विनायक जगताप असा होता. ते ज्योतिर्भौतिकीविज्ञ जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले टोपणनाव असल्याचे नंतर उघड झाले. कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत ह्यांनी ह्या नव्या कथेची दखल घेतली आणि 'यक्षांची देणगी' (१९७९) ह्या संग्रहाने नारळीकरांचे स्थान निश्चित झाले. शुद्ध व अल्पाक्षरी मराठीत अवघड कल्पना मांडण्याचे त्यांचे कौशल्य वादातीत आहे. 'कृष्णविवर' हा पारिभाषिक शब्द कोशातून निघून सामान्य वाचकाच्या जिभेवर आला, ह्यात त्यांच्या लेखनाचा वाटा मोठा आहे. परिभाषा समित्यांनी घडवलेल्या सर्वच शब्दांना असे भाग्य लाभलेले नाही.

नारळीकरांच्या कादंबऱ्यांत 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' व 'अभयारण्य' ह्या प्रमुख होत. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल ह्यांच्या 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७) ह्या कादंबरीचा संस्कार त्यांवर स्पष्ट जाणवतो. संकटाची चाहूल प्रथम आकडेमोडीतून लागणे, राज्यकर्त्यांचे अज्ञान, शास्त्रज्ञांच्या छोट्या गटाने घेतलेले निर्णय ही हॉइलची घडण त्यांनी स्वीकारली. 'प्रेषित' ह्या कादंबरीत परग्रहावरील संस्कृतीशी होणाऱ्या संपर्काचा विषय आहे. तो हाताळताना रेडिओ-ज्योतिषशास्त्रातील कार्यपद्धतीचे जे दर्शन घडते ते मराठी कादंबरीत अपूर्व होते. 'वामन परत न आला' ही त्यांची सर्वांत बांधेसूद कादंबरी. उत्खननात सापडलेल्या एका लुप्त व प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातील ज्ञानाच्या आधारे यंत्रमानव घडवला जातो आणि ज्या कारणाने ती संस्कृती नष्ट झाली तेच कारण पुन्हा दाराशी येऊन उभे राहते. बळी-वामनाच्या पुराणकथेचा येथील उपयोग अलंकारापुरता नाही. दान स्वीकारणाऱ्याने दात्यालाच पाताळात घालण्याची ती कथा यंत्राच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते. यंत्रमानवाच्या विषयाला मराठीत मिळालेले हे सर्वांत स्वाभाविक रूप होय. हॉइल व जॉन एलियट ह्यांच्या 'ए फॉर अँड्रोमिडा' (१९६२) शी तिचे साम्य दाखवता येते, परंतु तेवढ्याने तिचे मोल कमी होत नाही.

तथापि ह्या कादंबऱ्यांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. नारळीकरांची पात्रे विचार करतात, फोन करतात, बैठकीला जातात. त्यांना बहुधा भूतकाळ नसतो. संवादाचा उपयोग वाचकाच्या शंकेचे निरसन करण्यासाठी होतो, त्यामुळे एक पात्र नेहमी अज्ञ असावे लागते आणि ते पात्र बऱ्याचदा स्त्रीचे, पत्रकाराचे अथवा मंत्र्याचे असते. परके येथे अखेरीस समजते, कारण विश्व नियमबद्ध असून बुद्धीला ते उलगडते, ह्यावर लेखकाची निष्ठा आहे. शास्त्रज्ञ म्हणून ही निष्ठा वंदनीयच आहे; कादंबरीत मात्र ती शेवटचे पान येण्याआधीच भय संपवते. 'सोलारिस' वाचलेल्या वाचकास ही उणीव अधिक जाणवते.

नारळीकरांच्या आगेमागे लिहिणाऱ्या बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, अरुण मांडे, माधुरी शानभाग, शुभदा गोगटे, सुबोध जावडेकर ह्यांनी ह्या प्रकाराचा विस्तार केला. फोंडके हे जीववैज्ञानिक. त्यांचे बळ कथेत आहे. घाटे ह्यांचे लेखन विपुल आणि असमान आहे. लोंढे ह्यांची दृष्टी विज्ञानापेक्षा विज्ञानाने अडचणीत आणलेल्या मध्यमवर्गीय माणसाकडे असे आणि म्हणून त्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा परभाषांतही पोहोचली. चिंतामणी देशमुख ह्यांच्या सहकार्याने लिहिलेली त्यांची 'देवांसि जिवे मारिले' ही कादंबरी त्या पिढीच्या महत्त्वाकांक्षेची द्योतक आहे. ह्या सर्व लेखकांमध्ये कथा पुष्कळ आणि कादंबरी थोडी, असे प्रमाण का पडले? स्पर्धा व दिवाळी अंक ह्या दोन आधारांवर हा प्रकार वाढला, हे त्याचे सरळ उत्तर होय. दोहोंना एका कल्पनेची, मोजक्या पानांची व शेवटी कलाटणी देणारी कथा सोयीची असते. त्या सवयीचा हात कादंबरीकडे वळला की दोनशे पानांची कथा तयार होते. कादंबरीला लागणारा समाज, ऋतू, पैसा, नातीगोती आणि गाव तीत येत नाहीत.

ह्या अभावाची परीक्षा उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या पट्ट्यावर करून पाहावी. अंबरनाथला शके ९८२ (१०६०) चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आहे; त्याच गावाच्या परिसरात विसाव्या शतकात रासायनिक खतांचा व गंधकाम्लाचा कारखाना, काडेपेट्यांचा कारखाना व पुढे संरक्षण खात्याचा आयुध-निर्माणी कारखाना आला. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तेथे वसवले गेले आणि १९४९ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. वस्तीला क्रमांकाने ओळखले जाणारे कॅम्प आणि बराकी ह्या रूपात तेथे एक संपूर्ण समाज मातृभूमी गमावून नव्याने उभा राहिला. मंगळावरील मानवी वसाहतींची वर्णने मराठीत अनेक झाली. त्या सर्वांत वसाहत म्हणजे घुमट, प्राणवायू आणि नियंत्रणकक्ष. घर सोडून क्रमांकाच्या बराकीत राहावे लागलेल्या माणसाची भाषा काय होते, तो कोणता व्यवसाय धरतो, त्याची मुले कोणत्या भूमीला आपली म्हणतात, हे प्रश्न त्यांत येत नाहीत. त्यांची उत्तरे मात्र कल्याणच्या पुढच्याच स्थानकाबाहेर चालतीबोलती आहेत. लिऊने सांस्कृतिक क्रांतीचे जे केले, ते फाळणीचे करणारी मराठी विज्ञान कादंबरी अद्याप लिहिली गेलेली नाही.

बदलापूरच्या बाबतीत तर साधनसामग्रीची सबबही चालणार नाही. ना. गो. चापेकर (१८६९–१९६८) ह्यांनी निवृत्तीनंतर ह्या गावी राहून 'आमचा गाव बदलापूर' (१९३३) हा ग्रंथ सिद्ध केला. एका खेड्यातील जाती, धंदे, शेती, घरे, सण, बोली, समजुती ह्यांची इतक्या बारकाईने केलेली नोंद त्या काळी मराठीत दुसरी नव्हती. ग्रंथ रूक्ष आहे आणि तोच त्याचा गुण आहे. ल ग्वीनच्या कादंबरीशेजारी ठेवून तो वाचला तर एक गंमत लक्षात येते: कल्पित ग्रहाचे वर्णन करताना तिने जी पद्धत अवलंबिली, तीच चापेकरांनी प्रत्यक्षातील गावासाठी वापरली होती. शंभर वर्षांपूर्वीचे ते खेडे आज लोकलगाड्यांतून मुंबईला माणसे पुरवणारे शहर झाले आहे. चापेकरांचा ग्रंथ हाताशी घेऊन शंभर वर्षांनंतरच्या बदलापूरची अशीच नोंद कल्पनेने करणे, हा विज्ञान कादंबरीचा तयार आराखडा आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीने ह्या गावाचा मोठा भाग पाण्याखाली घातला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून सु. एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. हवामानबदलावरील पाश्चात्त्य कादंबऱ्यांचे दाखले देणाऱ्या आपल्या लेखकांना चहूकडे पाणी वेढलेली ती गाडी दिसू नये, हे नवलाचे आहे.

ह्या पार्श्वभूमीवर सुबोध जावडेकर ह्यांचे स्थान वेगळे ठरते. रासायनिक अभियंता असलेल्या ह्या लेखकाने 'गुगली', 'वामनाचं चौथं पाऊल' इ. संग्रहांतून विज्ञानकथेला मानवी स्वभावाचे अंग दिले. परंतु त्यांची 'आकांत' ही भोपाळ वायुदुर्घटनेवरील कादंबरी प्रस्तुत चर्चेत अधिक महत्त्वाची आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री घडलेल्या त्या दुर्घटनेत कोणतेही कल्पित यंत्र नव्हते. होती ती टाकी, झडपा, पाणी, मिथिल आयसोसायनेट आणि झोपलेली वस्ती. विज्ञानाची मांडणी अचूक आणि विषय पूर्णतः पार्थिव, असा हा मराठीतील दुर्मीळ प्रयत्न होय. काटेकोर व्याख्येनुसार तीस विज्ञान कादंबरी म्हणावे की नाही, असा आक्षेप घेता येईल, कारण तीत भविष्यकालीन काहीच नाही. पण रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला हा आक्षेप पटणार नाही. २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीच्या पात्रात सोडलेल्या रासायनिक टाकाऊ द्रवातून निघालेल्या वायूमुळे अनेक रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्या वस्तीत रात्री अनोळखी वास आला म्हणजे खिडक्या लावून घेण्याची सवय आहे, तेथे 'आकांत' भूतकाळातील घटनेची कादंबरी म्हणून वाचली जात नाही. नारळीकरांच्या कादंबरीत संकट आकाशातून येते व शास्त्रज्ञ ते ओळखतो. जावडेकरांच्या कादंबरीत ते शेजारच्या भिंतीपलीकडून येते, आणि ते ओळखणारा अभियंता त्याच कारखान्याच्या पगारावर असू शकतो. 'फ्रँकनस्टाइन'मधील जबाबदारीचा प्रश्न मराठीत येथे पोहोचतो. ह्या वाटेने पुढे कोणी फारसे गेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

शुभदा गोगटे ह्यांनी 'यंत्रायणी' ह्या कादंबरीत यंत्राधीन समाजाचा विषय घेतला. स्त्री-लेखिकेने हा विषय हाताळल्याने मराठी विज्ञान कादंबरीतील प्रयोगशाळेचे दार थोडे घराकडे उघडले. परंतु त्यांची 'खंडाळ्याच्या घाटासाठी' ही बोरघाटातील लोहमार्गाच्या बांधणीवरील ऐतिहासिक कादंबरी अधिक सरस उतरली आहे. डोंगर फोडण्याचे तंत्र, कंत्राटदारांचे हिशेब, पटकीने व अपघाताने मरणारे मजूर आणि 'आगीच्या गाडी'कडे पाहणारा गावकरी ह्यांचे चित्रण असलेली ही कादंबरी ग्रंथालयांत ऐतिहासिक विभागात लावली जाते. एकोणिसाव्या शतकातील माणसाला आगगाडी जेवढी परकी होती, तेवढा परग्रहवासी आज आपल्याला परका नाही. त्या परकेपणाचे वर्णन करणाऱ्या लेखिकेने विज्ञान कादंबरीचीच सामग्री वापरली आहे. व्हेर्नच्या नायकाने उजवीकडे सोडून दिलेला फाटा तो हाच.

पुढील अभ्यासाच्या दृष्टीने एक व्यावहारिक अडचण नमूद केली पाहिजे. मराठी विज्ञान कादंबरीचा मोठा भाग मासिकांच्या जुन्या अंकांत व पुनर्मुद्रण न झालेल्या स्वस्त आवृत्त्यांत विखुरलेला आहे. 'रहस्य' किंवा 'बालवाङ्‌मय' अशा शीर्षकांखाली तो दडलेला असल्याने ग्रंथालयांच्या सूचींतून सहज हाती लागत नाही. बदलापूरच्या 'ग्रंथसखा'सारख्या जुनी मराठी पुस्तके व नियतकालिके जतन करणाऱ्या संग्रहांचा ह्या कामी उपयोग करून, 'केरळकोकिळ'पासूनची कालानुक्रमे वर्णनात्मक सूची प्रथम सिद्ध व्हावयास हवी. धारपांच्या आधीच्या कादंबऱ्यांविषयीचे पुष्कळसे निष्कर्ष तोपर्यंत तात्पुरतेच मानावे लागतील.